बुरशीवर रंगाचा हात

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येऊ लागतो. विचारणारा कधी एखादा कलाशिक्षक असतो, कधी एखाद्या दिवंगत शिल्पकाराची सून किंवा नात असते, तर कधी गरोदरपणातल्या पोटाचा ठसा हौसेने घेऊन ठेवलेली एखादी मुलगी. प्रश्न असा: “प्लास्टरवर बुरशी आलीये. काय लावू?”

माझं भांडण त्या ‘लावू’शी आहे. आपल्याकडे ओल आली की काहीतरी लावायचं असतं. गच्चीला डांबर, फळीला वार्निश आणि प्लास्टरच्या माणसाला पांढरा ऑइलपेंट. लावलं की दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे गेलं. पाणी कुठून आलं, ते बाहेर का पडलं नाही, ते ठेवलेली भिंत कोणत्या बाजूची आहे, हे कुणी विचारत नाही. तीस वर्षं साचेकाम केलं, त्यातली बरीच शिकवण्यात गेली. या काळात बुरशीने खाल्लेली प्लास्टरची अंगं मी थोडी पाहिली आणि रंगाने मारलेली फार. म्हणून हा लेख बुरशीवर असला तरी रंगाच्या डब्याविरुद्ध आहे.

आधी पाण्याचा हिशोब करू, कारण सगळा वाद तिथेच आहे.

जिप्सम नावाचा मऊ दगड दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्याच्या अंगातलं तीनचतुर्थांश पाणी उडून जातं. उरते ती पांढरी पूड, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. तिच्यात पाणी घातलं की ती आपलं गेलेलं पाणी परत घेते आणि पुन्हा दगड होते. १०० किलो पुडीला दगड व्हायला जेमतेम १९ लिटर पाणी पुरतं. पण एवढ्याच पाण्यात कालवलेली पूड साच्यात ओतता येत नाही, बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या पाळ्यांत शिरत नाही. म्हणून आपण १०० किलोला ७० लिटरच्या आसपास पाणी घालतो. एखाद्या माणसाचं गळ्यापासून गुडघ्यापर्यंतचं अंग ओतायचं, तर समजा २० किलो पूड आणि १४ लिटर पाणी लागलं. त्यातलं पावणेचार लिटर दगडात बांधलं जातं. उरलेलं दहा लिटर पाणी त्या अंगात नुसतं भरून राहिलेलं असतं. ते उडून जायला हवं, आणि त्याला जायला वाट आणि वेळ हवा.

गडबड इथे होते. अर्ध्या तासात प्लास्टर टणक होतं. घट्ट होताना ते गरम होतं, हाताला छान ऊब लागते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की झालं, वाळलं. घट्ट होणं आणि वाळणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. घट्ट व्हायला अर्धा तास लागतो. वाळायला उन्हाळ्यात काही आठवडे, आणि पावसाळ्यात ओतलेलं जाड काम दिवाळीपर्यंतसुद्धा ओलं राहू शकतं. दहा लिटर पाणी अंगात घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाला आपण दुसऱ्या दिवशी सीलर मारतो, तिसऱ्या दिवशी रंग देतो आणि चौथ्या दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकतो.

कोकणातल्या कुठल्याही घरात आगोटीच्या तयारीत पापड घालणाऱ्या बाईला हे शास्त्र पाठ असतं. पापड कडकडीत वाळल्याशिवाय डब्यात जात नाही. वरून सुकलेला आणि पोटात सादळलेला पापड डब्यात गेला तर आठ दिवसांत सगळा डबा टाकायला लागतो, हे तिला कुणी कलामहाविद्यालयात शिकवलेलं नसतं. आमच्या शिल्पकलेच्या वर्गांत मात्र साचा कसा घ्यायचा ते शिकवतात, ओतायचं कसं ते शिकवतात, आणि वाळवायचं कसं हा भाग अभ्यासक्रमाच्या बाहेर, व्हरांड्यात, जमेल तसा उरकतो.

दुसरा गैरसमज पांढऱ्या रंगामुळे होतो. लोक प्लास्टरला चुन्याचा भाऊ समजतात. चुना तीव्र अल्कधर्मी असतो. ताज्या चुन्यावर बुरशीला तग धरता येत नाही. दर वर्षी घराला चुन्याचा हात मारण्याची जुनी रीत त्यामुळे शहाणपणाचीच होती. पण प्लास्टर जवळजवळ उदासीन आहे, ते बुरशीला कसलाही विरोध करत नाही. आणि मौज अशी की बुरशीला जिप्सम खाताही येत नाही. ती खाते ते सगळं आपणच तिला वाढलेलं असतं: वर बसलेली धूळ, हात लावणाऱ्यांच्या बोटांचं तेल, साचा सुटावा म्हणून लावलेला साबण, बळकटीसाठी आत घातलेला ताग किंवा काथ्या, आधाराच्या लाकडी पट्ट्या, सरस. शिवाय कौतुकाने मारलेला तेलरंग. त्यातलं जवसाचं तेलही तिला चालतं. म्हणजे ज्याला आपण औषध म्हणतो ते तिचं जेवण असू शकतं.

आता रंग नेमकं काय करतो ते पाहा. प्लास्टरचं अंग बहुतेक वेळा पोकळ असतं, मागची बाजू भिंतीला टेकवलेली असते आणि तळ फरशीवर. भिंत बाहेरची असेल तर पावसाळाभर ती ओल सोडते. मागून आणि खालून शिरलेली ही ओल पुढच्या बाजूने हवेत निघून जाऊ शकते, पण पुढे आपण तेलरंगाचं कातडं चढवलेलं असतं. पाणी त्या कातड्याखाली अडतं. तिथला थर भुसभुशीत होतो, रंगाला फोड येतात, फोड फुटतात, आणि पोपडा निघताना प्लास्टरची वरची कातडी सोबत घेऊन जातो. ही वरची कातडी अर्ध्या मिलिमीटरचीही नसते. पण साच्याने टिपलेलं सगळं काही, म्हणजे शिल्पकाराच्या बोटाची रेघ असो की जिवंत माणसाच्या त्वचेची सुरकुती, त्या अर्ध्या मिलिमीटरातच असतं. बाकीचं सगळं नुसतं वजन आहे.

एक उदाहरण सांगतो. मी ज्या संस्थेत शिकवत होतो तिचं नाव इथे नको. तिथे एक गृहस्थ आमच्याकडे मॉडेल म्हणून बसत. आयुष्याचा पहिला भाग त्यांनी हमाली केली होती. मुलं त्यांना मामा म्हणत, आम्हीही मामाच म्हणायचो. त्यांच्या संमतीने एका वर्षी आम्ही त्यांच्या अंगाचा साचा घेतला. अंगाला व्हॅसलीन चोपडून, प्लास्टरच्या पट्ट्यांनी, आधी पुढून मग पाठीमागून, थोडा थोडा भाग करत. ओतलेलं अंग उन्हाळ्याच्या सुट्टीभर पंख्याखाली ठेवलं, दर सोमवारी वजन केलं आणि सलग तीन वजनं सारखी आल्यावरच हॉलमध्ये नेलं. त्या अंगावर काय नव्हतं? उजव्या खांद्यावर ओझ्याने आलेला घट्टा, पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण, आणि कमरेला करगोट्याचा वळ. साचा घेताना करगोटा काढून ठेवला होता, पण पन्नास-साठ वर्षांनी त्याने कातडीत केलेली चर तशीच होती, आणि प्लास्टरने ती टिपली. शरीररचना शिकवायला मी त्याहून चांगलं पुस्तक पाहिलेलं नाही.

पुढे मी ती संस्था सोडली. मामा गेले. त्यानंतर तिथे कसलीशी तपासणी समिती येणार होती. हॉलच्या कोपऱ्यात छप्पर गळत होतं आणि मामांच्या पाठीवर बुरशीचे काळे ठिपके आले होते. छप्पर तसंच राहिलं, मामांना पांढरा ऑइलपेंट मारला. दोन हात. दोन पावसाळ्यांनंतर फोड आले तेव्हा मला बोलावणं आलं. मी विचारलं, रंग का मारला? उत्तर मिळालं, “सर, कमिटी येत होती ना. पांढरं दिसायला पाहिजे होतं.” कमरेच्या बाजूला तळहाताएवढा रंग मी हलक्या हाताने काढून पाहिला. रंगाबरोबर प्लास्टरची कातडी आली. मी थांबलो. करगोट्याचा वळ आता नाही, आणि तो पुन्हा कुणीही आणू शकणार नाही. बुरशीने पाठीवर डाग पाडले होते. वळ पुसला तो रंगाने आणि रंगाच्या हुकमाने.

यावर लोक म्हणतात, “अहो, प्लास्टरच ते. पुन्हा ओता.” मला सगळ्यात जास्त चीड या वाक्याची येते, कारण ते अज्ञानातून येतं आणि मोठ्या पदांवरून येतं.

शिल्प कसं घडतं ते जरा पाहा. शिल्पकार मातीत काम करतो. मातीवर प्लास्टरचा साचा घेतात आणि साचा उघडताना आतली माती उकरून काढावी लागते. मातीचं मूळ त्याच दिवशी संपतं. एकदाच वापरायचा साचा असेल तर आतलं ओतकाम मोकळं करताना साचाही छिन्नीने फोडतात. मग हातात काय उरतं? एक प्लास्टर. ब्राँझ झालंच तर त्या प्लास्टरवरून होतं, कित्येकदा दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसांच्या हातून होतं, आणि बहुतेक वेळा होतच नाही, कारण पैसे नसतात. म्हणजे शिल्पकाराच्या बोटांच्या सर्वांत जवळची जी वस्तू जगात शिल्लक असते ती प्लास्टरची असते. तिला ‘कच्चं काम’ म्हणणं म्हणजे हस्तलिखिताला रद्दी म्हणण्यासारखं आहे. आणि अंगावरून घेतलेल्या साच्याचं तर विचारूच नका. तिथे मूळ म्हणजे एक माणूस. तो म्हातारा होतो, बदलतो, मरतो. ‘पुन्हा ओता’ म्हणणाऱ्याने आधी मामांना उभं करून दाखवावं.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. गणपतराव म्हात्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यार्थिदशेत घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरची होती. नऊवारीतली, देवळाकडे निघालेली ती तरुणी पाहून रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगालीत लेख लिहिला. भारतीय शिल्पकलेच्या आधुनिक इतिहासात मुंबईने टाकलेलं ते मोठं पाऊल, आणि ते ना संगमरवरात पडलं ना ब्राँझमध्ये; ते पडलं या ‘कच्च्या’ मालात.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर अथेन्सचं घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी पार्थेनॉनवरच्या शिल्पपट्टांचे प्लास्टरचे ठसे घेतले. पश्चिमेकडचा बराचसा पट्ट तिथेच इमारतीवर राहिला आणि पुढच्या काळात ऊन-पावसाने आणि शहराच्या धुराने झिजला. आज त्या झिजलेल्या संगमरवरात जे तपशील दिसत नाहीत ते लंडनच्या ठशांत दिसतात. एल्गिनने काय नेलं आणि का नेलं हा वाद वेगळा आणि तो चालू राहायलाच हवा. पण मूळ संगमरवराला जे आठवत नाही ते प्लास्टरला आठवतं, ही वस्तुस्थिती आहे. १८६३मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली यांनी पाँपेईच्या राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं तेव्हा जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची अंगं, कपड्यांच्या घड्यांसकट, वर आली. त्या माणसांना दुसरं अंग नाही. प्लास्टर हेच त्यांचं अंग.

आपल्याकडे मात्र प्लास्टरचं नाव निघतं ते ‘पीओपी’ म्हणून, गणपतीच्या दिवसांत, आरोपीच्या पिंजऱ्यात. नदी-तलावांत प्लास्टरच्या मूर्ती नकोत हे मलाही मान्य आहे. पण या वादाने एक विचित्र समज पसरवला आहे: प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, म्हणजे त्याला पाण्याचं भय नाही. मग हॉलमधले शिपाईमामा ओल्या फडक्याने शिल्पं पुसतात, कुणी बादलीत साबण कालवतो, कुणी ब्लीच ओततो. जिप्सम एका लिटर पाण्यात दोन ग्रॅमच्या आसपास विरघळतं. तलावात बुडवलेल्या दहा किलोच्या मूर्तीला हे काहीच नाही, म्हणून ती महिनोन्महिने तळाशी पडून राहते. पण तुमची सगळी दौलत वरच्या अर्ध्या मिलिमीटरात असेल तर प्रत्येक ओला बोळा त्यातलं थोडं थोडं घेऊन जातो. विसर्जनाला जे पाणी पुरत नाही ते चेहऱ्यावरची रेघ पुसायला भरपूर पुरतं.

ब्लीच आणि व्हिनेगर यांच्याविषयी स्पष्ट बोलतो, कारण हे दोन उपाय घरोघरी पोचले आहेत. दोन्हींत मुख्यतः पाणीच असतं. टाइल्सवर ते ठीक, तिथे पाणी आत जात नाही. प्लास्टर ते पिऊन टाकतं. ब्लीचने वरचा काळा रंग उडतो, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. पाणी छिद्रांत जाऊन बसतं, मागे क्षार ठेवतं, आणि पंधरा दिवसांनी बुरशी त्याच ओलीवर परत येते. मोरचूद लावणारेही मी पाहिले आहेत. त्याने अंग निळं होतं.

आता माझ्यावरचे आक्षेप घेतो. पहिला, पैशांचा. “आमच्याकडे वातानुकूलित हॉल नाही, तुमचं शास्त्र आम्हाला परवडत नाही.” मी वातानुकूलन मागितलेलं नाही. मामांना मारलेल्या रंगाच्या दोन हातांच्या मजुरीत एक भिंतीवरचा पंखा, काही मीटर मलमल, मऊ कुंचले आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आलं असतं. खर्च लागतो तो छपराला, आणि छप्पर दुरुस्त करणं ही शिल्पकलेवर केलेली मेहेरबानी नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: “तुमच्या पद्धतीने डाग पूर्ण जात नाहीत.” खरं आहे. बुरशी छिद्रांत उतरली असेल तर ती काढल्यावरही करडी छाया राहते. ती राहू द्यावी. वय झालेल्या प्लास्टरवर पुसट डाग असणं हे त्याचं चरित्र आहे. लग्नाच्या हॉलसारखी पांढरी शुभ्र शिल्पं ज्यांना हवी आहेत त्यांनी फायबरच्या प्रती घ्याव्यात आणि हव्या तितक्या वेळा रंगवाव्यात.

तिसरा आक्षेप कुणी मोठ्याने बोलत नाही, पण तोच खरा आहे: ही अंगं कुणाचीच नाहीत. मी पाहिलेल्या डेडस्टॉकच्या नोंदवह्यांत खुर्च्यांना क्रमांक होते, कपाटांना होते, मोडक्या पंख्यालाही होता. प्लास्टरची शिल्पं ‘विद्यार्थ्यांचं काम’ किंवा ‘वापरून संपणारं साहित्य’ या सदरात जमा होती. खुर्ची हरवली तर चौकशी होते, मामा रंगवले तर कुणालाच विचारावं लागत नाही.

तर मग करायचं काय? लावायचं काही नाही, आधी ओळखायचं. प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. पांढरे, चमकदार, कणीदार फुटवे असतील तर ते बहुधा भिंतीवरच्या लोण्यासारखे क्षार असतात. त्यातले थोडे कण वेगळे काढून पाण्याचा थेंब टाकला तर विरघळतात. तांबूस ओघळ असतील तर आतली लोखंडी सळई गंजते आहे. केसाळ, मऊ, काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास म्हणजे बुरशी. तिन्हींचं मूळ एकच, पाणी. पण उपचार वेगळे.

बुरशी असेल तर पहिलं काम ते अंग बाकीच्यांपासून वेगळं करणं आणि भिंतीपासून सोडवणं. दुसरं काम वाळवणं. ओल्या बुरशीला कुंचला लावू नका, ती फासली जाते आणि छिद्रांत दाबली जाते. सावलीत, वाहत्या हवेत, पंखा थेट अंगावर न सोडता ठेवा. हीटर जवळ आणू नका; ४५ अंशांच्या वर प्लास्टर दीर्घकाळ तापलं की ते बांधलेलं पाणीही सोडू लागतं आणि पृष्ठभाग पुन्हा पूड होतो. बुरशी पूर्ण कोरडी, भुकटीसारखी झाली की तोंडावर एन-९५ मास्क, हातात मोजे आणि शक्यतो घराबाहेर. दमा असलेल्या माणसाने हे काम करूच नये. मेलेली बुरशीसुद्धा त्रास देते, म्हणून तिला नुसतं मारून भागत नाही, काढावंच लागतं. मऊ कुंचल्याने व्हॅक्यूमच्या तोंडाकडे हलकेच झाडा. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर असावा, नाहीतर मागून तीच बुरशी खोलीभर उडते. उरलेल्या ठिपक्यांवर कोरडा पांढरा खोडरबर किंवा कोरडा रबरी स्पंज.

एवढ्यावर थांबता आलं तर थांबा. नाहीच आलं तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या बोळ्याला जेमतेम, ठिपक्यापुरतं. त्यात पाणी आहे, पण इतक्या थोड्या प्रमाणात ते झटकन उडतं. मात्र आधी न दिसणाऱ्या जागी तपासा. जुन्या शिल्पशाळांतल्या प्लास्टरवर अनेकदा चपडा लाखेचा हात असतो आणि लाख स्पिरिटमध्येच विरघळते. बोळा पिवळा-तपकिरी झाला तर तिथल्या तिथे हात मागे घ्या आणि जाणत्या जतनतज्ज्ञाला दाखवा. आणि स्पिरिट पेट घेतं, तेव्हा जवळ गॅस, उदबत्ती, ठिणगी काही नको.

प्रतिबंध याहून सोपा आहे, फक्त तो कंटाळवाणा असल्यामुळे त्याचं उद्घाटन करता येत नाही. मृगाआधी कोरड्या कुंचल्याने धूळ काढा, म्हणजे बुरशीचं जेवण काढून घेतलंत. भिंतीपासून वीतभर दूर आणि फरशीपासून चार बोटं वर ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पोकळ अंगाचा तळ बंद करू नका, आतल्या हवेलाही वाट हवी. प्लास्टिक कधीही गुंडाळू नका. मलमल धूळ अडवते आणि श्वास घेऊ देते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा डोकं वर काढत नाही. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये ती ८०च्या वर असते, म्हणून त्या दोन-अडीच महिन्यांत आठवड्यातून एकदा पाठीमागे टॉर्च मारून पाहा. पाठीमागे, कारण सुरुवात तिथूनच होते आणि समिती पुढून पाहते.

घरात ठेवायच्या ठशांच्या नव्या धंद्यालाही दोन शब्द. बाळाचे हातपाय, आईचं पोट, आजोबांचे हात यांचे ठसे आता शहरोशहरी घेऊन मिळतात. कल्पना सुंदर आहे. पण कित्येक ठिकाणी चार दिवसांत सोनेरी रंग देऊन, मागे पुठ्ठा लावून, काचेच्या पेटीत बंद करून ते हातात दिलं जातं. ओलं प्लास्टर, खायला पुठ्ठा आणि वर बंद काच: बुरशी पाळायची ठरवली असती तर याहून चांगली पेटी बनवता आली नसती. गिऱ्हाइकाने एवढंच विचारावं: हे किती आठवडे वाळवलं? शेवटची दोन वजनं दाखवा. उत्तर मिळालं नाही तर पैसे द्या, पण रंग आणि पेटी नको म्हणा. घरी नेऊन वाळवा, आणि ऑक्टोबरच्या उन्हात वजन स्थिर झालं की मग काय ती हौस करा.

संस्थांकडे माझी मागणी तीन ओळींची आहे. प्लास्टरच्या प्रत्येक अंगाला नोंदवहीत क्रमांक आणि सोबत छायाचित्र असावं. ज्याला पाणी किंवा रंग लावायचा आहे त्याने कारण लिहून द्यावं आणि खाली नाव घालून सही करावी. आणि साचेकामाच्या वेळापत्रकात वाळवण्याचे आठवडे ओतण्याच्या दिवसाइतक्याच ठळक अक्षरांत असावेत. यातल्या कशालाच निविदा लागत नाही. रंगाचा डबा शिल्लक असेल तर तो गळणाऱ्या कोपऱ्यातल्या भिंतीला वापरावा, छप्पर नीट करून झाल्यावर.